डबीला झालर

टेलरकाकूंच्या घरात उघडी म्हणून एकही वस्तू नव्हती. शिलाई मशीनला कव्हर, रेडिओला कव्हर, टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी आणि त्या पिशवीला वर कापडाचं कव्हर. पाहुणे येणार असले की खुर्च्यांची कव्हरं निघायची आणि पाहुण्यांची पाठ वळली की पुन्हा चढायची. काकूंचे यजमान म्हणत, "मी एका जागी फार वेळ बसलो तर ही मलाही कव्हर शिवेल." काकू मशीनवरून मान वर न करता म्हणत, "बसून तर बघा."

अख्ख्या गल्लीला हा नाद काकूंनीच लावला होता. कापड बेतताना उरलेले तुकडे फेकायचे त्यांच्या जिवावर यायचं, आणि शेजारणींना फुकटची वस्तू नको म्हणवायची नाही. त्यामुळे गल्लीतले मोबाइल, मिक्सर, पाण्याचे पिंप, सगळे काकूंच्या हातची कव्हरं घालून बसलेले असत. त्या गल्लीत धूर मोजायची यंत्रं आणून द्यायची, वर ती जिवापाड जपा म्हणून बजावायचं, म्हणजे पुढचं सगळं आपल्या हातानं ओढवून घेणंच होतं. पण यंत्रं आणणाऱ्यांना गल्ली कुठे ठाऊक होती!

काकू दाराशी बसत. उजेड दाराशी, वारा दाराशी, गिऱ्हाईकही दाराशी. आत स्वयंपाकघरात त्यांची धाकटी जाऊ. तिला सगळे धाकटीच म्हणत. त्या स्वयंपाकघराला एके काळी खिडकी होती. मागच्या गोदामवाल्यानं भिंतीला भिंत लावून बांधकाम काढलं, आणि खिडकी उघडली की समोर विटा. चुलीचा धूर वर पत्र्याला लागायचा, तिथून वळून खाली यायचा आणि चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांतोंडात शिरून मग सवडीनं दाराकडे निघायचा. काकूंनी नवं मशीन घेतलं तेव्हा दोघी आळीपाळीनं रांधत. पण गिऱ्हाईक कपडे परत आणू लागलं. ब्लाउजला धुराचा वास येतो म्हणे. तेव्हा धाकटीच म्हणाली होती, "जाऊबाई, तुम्ही दाराशीच बसा. चूल मी बघते." त्या दिवसापासून काकूंनी चुलीला हात लावला नाही आणि धाकटीचा खोकला थांबला नाही. आधी सकाळचा खोकला होता, मग सकाळ-संध्याकाळचा, आणि आता तर पायरी चढली तरी ती भिंतीला हात टेकून उभी राहायची. काकू मशीनचं पायडल थांबवून ऐकत राहायच्या. त्यांच्या मशीनवर चाललेलं घर त्या खोकल्याच्या जिवावर चाललं होतं, हे त्यांना पक्कं कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच त्या धाकटीवर उगीचच खेकसायच्या.

अशात संशोधनवाले आले. कुठल्याशा मोठ्या संस्थेचे. शहराच्या कडेच्या सगळ्या वस्त्यांमधून धूर मोजायचा, तो बायकांच्या छातीत किती जातो ते बघायचं, आणि जिथं सगळ्यात जास्त धूर निघेल तिथं आधी धुराड्याच्या चुली बसवायच्या, असं त्यांचं काम. धुराडं छपरातून वर जाणार, धूर परस्पर बाहेर. हे ऐकलं आणि काकूंनी त्याच दिवशी आपल्या पत्र्यात भोक कुठे पाडायचं ते खडूनं आखून ठेवलं.

मोजणीवाली मुलगी दर फेरीला यायची आणि घराघरांत एकेक जाकीट वाटायची. जाकिटाच्या खिशात साबणाच्या वडीएवढी डबी, आणि डबीला वर एक आखूड नळी. त्या नळीला बायका डबीचं नाक म्हणत. तुम्ही श्वासात जी हवा घेता तीच हवा हे नाक घेतं, असं मोजणीवालीनं समजावलं होतं. आत एक पांढरी गाळणी असते, धूर तिच्यावर बसतो. जी बाई चूल बघते तिनं सकाळपासून जाकीट घालून राहायचं. मुलगी मोठी गोड होती. जाताना दर वेळी दारात वळून सांगायची, "मावशी, फार महागडी आहे हं. तेल, पाणी, पीठ काही लागू देऊ नका. आणि हातानं नाक दाबू नका. जिवापाड जपा."

झालं. पहिल्याच फेरीला धाकटीच्या डबीवर फोडणीचे शिंतोडे उडाले. काकूंनी ते पुसले आणि लगेच मापाची फीत काढली. संध्याकाळच्या आत डबीला कव्हर तयार. निळ्या फुलांचं, खाली दोन बटणं, वर नाकाच्या मापाची टोपी आणि टोपीला बारीक झालर. झालरीची काही गरज नव्हती, पण झालर सोडली तर काकू कसल्या! शेजारच्या बाईनं ते पाहिलं. या बाईला गल्ली आकाशवाणी म्हणायची, कारण तिच्या कानावर पडलेलं सगळ्यांच्या कानावर पडायला वेळ लागत नसे. पुढच्या फेरीला काकूंच्या दारात रांग. कुणाला पिवळं, कुणाला ठिपक्यांचं. मोजणीवाली यायच्या वेळी मात्र बायका कव्हरं काढून ठेवत. परक्या माणसासमोर वस्तू कशी लख्ख दिसली पाहिजे. मुलगी डब्या हातात घेऊन म्हणायची, "किती स्वच्छ ठेवता हो तुम्ही! बाकीच्या वस्त्यांतून बघवत नाहीत." बायका एकमेकींकडे बघून हसायच्या.

कव्हरं धुवायचं काम काकूंकडे. ती धुताना त्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. टोपीपाशी काळा डाग बसायचा तो काही केल्या निघायचा नाही. "एवढं चांगलं कापड, वाटोळं झालं," असं पुटपुटत त्या ब्रश घासत राहायच्या. आत धाकटी खोकत असायची. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे काकूंच्या डोक्यातही आलं नाही.

मोजणी संपली तशी संस्थेनं सगळ्यांना कचेरीत बोलावलं. निकाल सांगायचा होता आणि डब्या परत घ्यायच्या होत्या. बायका धुतलेले कपडे घालून गेल्या. कचेरीच्या पायऱ्यांवर सगळ्यांनी नेहमीप्रमाणे कव्हरं काढली आणि काकूंच्या पिशवीत टाकली. आत खुर्च्यांच्या डोक्यावर पंखे गरगरत होते. एका टेबलावर बायकांनी डब्या ओळीनं मांडल्या. समोर संस्थेचे मोठे साहेब आणि बाजूला मॅडम. मोजणीचं सगळं काम या मॅडमच्या हाताखाली चालायचं. त्या गल्लीत आल्या की चहाला नाही म्हणायच्या नाहीत, एवढं बायकांना त्यांच्याबद्दल माहीत होतं.

साहेबांनी भिंतीवर नकाशा दाखवला. वस्त्यांवर लाल, पिवळे ठिपके. एकच ठिपका हिरवागार.

"हा हिरवा तुमचा," साहेब म्हणाले. "अभिनंदन! सगळ्यात स्वच्छ हवा तुमच्या गल्लीत आहे. आमच्या या कचेरीपेक्षाही चांगली."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. पहिला नंबर आला म्हटल्यावर कोण वाजवणार नाही? काकूंनीही वाजवल्या. आणि त्या टाळ्यांतच धाकटीला उबळ आली. ती खुर्चीवर दुमडली, तोंडावर रुमाल धरला, तरी खोकला थांबेना. टाळ्या विरल्या. साहेब खोकला संपेपर्यंत सभ्यपणे थांबले, पाण्याचा एक घोट प्यायले आणि पुढे बोलू लागले.

"तेव्हा चुली पहिल्यांदा या लाल वस्त्यांना मिळतील. तुमच्याकडे तशी गरज दिसत नाही. आता काहींना खोकला आहे, पण त्याचं कारण धूर नाही हे आकड्यांवरून स्पष्ट आहे. तंबाखू असेल. बायका सांगत नाहीत, पण मिश्री, तपकीर असतं. त्यावर आम्ही एक व्याख्यान ठेवू."

काकूंच्या अंगाची लाही लाही झाली. धाकटीनं जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. तिच्या नवऱ्यानं विडी ओढली तर ती त्याला ओट्यावर हाकलायची. आणि हा भला माणूस पंख्याखाली उभा राहून तिला तपकीर ओढायला लावतोय! काकू उठणारच होत्या, तेवढ्यात मॅडमनी दुसरं चित्र लावलं. डब्यांमधल्या गाळण्यांचे फोटो. लाल वस्त्यांतल्या गाळण्या काजळीसारख्या काळ्या, पिवळ्यांतल्या राखाडी. शेवटची या गल्लीतली. धुतल्या तांदळासारखी.

काकू त्या पांढऱ्या गाळणीकडे बघत राहिल्या. मांडीवर पिशवी होती. पिशवीच्या तोंडातून निळ्या फुलांची टोपी डोकावत होती, आणि तिच्या झालरीमागे तो मेला काळा डाग.

आपण काय करून बसलो ते त्यांना एका झटक्यात कळलं, आणि त्याबरोबर हेही कळलं की दुसऱ्या कुणालाच ते अजून कळलेलं नाही. त्या गप्प बसल्या असत्या तर कुणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नसतं. आपलं चुकलं, हे शब्द काकूंच्या तोंडून आजवर कुणी ऐकले नव्हते. बाही आखूड झाली तर त्या गिऱ्हाइकाला सांगत की तुमचा हात वाढलाय. शेजारी धाकटी अजून रुमालात हळू हळू खोकत होती, साहेबांच्या बोलण्यात व्यत्यय नको म्हणून.

ते "हळू हळू" काकूंना सहन झालं नाही. त्या उठल्या, तडक टेबलापाशी गेल्या आणि पिशवी उलटी केली. निळी, पिवळी, ठिपक्यांची कव्हरं साहेबांच्या कागदांवर सांडली.

"हे काय?" साहेब मागे सरकले.

"तुमचा धूर," काकू म्हणाल्या. "तुमच्या गाळणीत नाही ना सापडला? हा घ्या. आमच्याकडे आहे सगळा."

खोलीत कुणाला काही कळेना. मग काकूंनी निळी टोपी एका डबीच्या नाकावर चढवली, बटणं लावली आणि डबी वर धरली. मोजणीवाली मुलगी भिंतीपाशी उभी होती. ती एकदम रडकुंडीला आली. "मावशी! मी सांगितलं होतं ना, नाक दाबू नका म्हणून!"

"हातानं दाबू नका म्हणालीस, बाळा. हातानं कुणी दाबलं? कापडानं झाकलं. जिवापाड जपा म्हणालीस, ते जपलं." मग त्या गल्लीतल्या बायकांकडे वळल्या. आवाज चढाच होता. "चुकलं माझं. कापड माझं, कात्री माझी, अक्कलही माझीच. शिव्या घालायच्या तर घरी गेल्यावर घाला, मी दाराशीच बसलेली असते. पण हिरवा ठिपका आपला नाही. तो माझ्या कव्हरांचा आहे."

"अगं बाई," आकाशवाणी पुटपुटली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला पुढे काही सुचलं नाही.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "हे फार गंभीर आहे. म्हणजे तुम्ही सूचना पाळल्या नाहीत. अशा वेळी नियम असा आहे की ही वस्ती अभ्यासातून वगळावी लागते. पूर्णच. आता पुन्हा मोजणं शक्य नाही. यंत्रं उद्या दुसऱ्या प्रांतात जाणार, अहवाल छापायला निघालाय."

"वगळता म्हणजे?"

"म्हणजे नकाशावर तुम्ही नसाल."

"आधी स्वच्छ होतो, आता नाहीच?" काकूंनी हसून विचारलं. ते हसू बघून त्यांच्या गल्लीतल्या बायका सावध झाल्या, कारण त्या हसण्यानंतर काय येतं ते त्यांना ठाऊक होतं. "साहेब, ही बाई बघा. तुमचं भाषण ऐकताना हिनं खोकला गिळला. ही नकाशावर नसली तरी आमच्या घरात आहे. सकाळ झाली की चुलीपुढे बसते. हिला कुठून वगळू, तेवढं सांगा."

काकूंनी टेबलावरची धाकटीची डबी उचलली आणि तिच्या मांडीवर नेऊन ठेवली. "धर. द्यायची नाही."

"अहो, ती संस्थेची मालमत्ता आहे!"

"मिळेल की परत. आम्हाला काय तिचं लोणचं घालायचंय? पुन्हा मोजा, आणि मग न्या. नाकावर टोपी न घालता मोजा. हव्या तर तुमच्या माणसाला आमच्या स्वयंपाकघरात बसवा, राखण करायला."

मग खुर्च्या सरकल्या. एकेक बाई उठली आणि टेबलावरची आपापली डबी उचलून जागेवर जाऊन बसली. काहींनी काकूंकडे जळजळीत नजर टाकली, कारण राग तर होताच, पण डबी उचलायला कुणी कचरलं नाही. आकाशवाणीला एव्हाना वाचा फुटली होती. "पोलीस बोलवा हवं तर," ती म्हणाली. "त्यांनाही चुलीपुढे बसवू. बघू किती वेळ टिकतात."

मॅडम इतका वेळ उभ्याच होत्या. त्यांनी एक पिवळं कव्हर उचललं, नाकाशी नेलं, मग डागावरून बोट फिरवलं. कव्हर धुऊन इस्त्री केलेलं होतं, तरी बोटाचं टोक काळं झालं. त्या ते बोट बघत राहिल्या.

"सर, अहवाल थांबवा," त्या म्हणाल्या.

"ही वेळ आहे का? त्यावर तुमचंही नाव आहे."

"म्हणूनच म्हणतेय. मी या गल्लीत किती वेळा चहा प्यायले. दर वेळी डोळे चुरचुरायचे. आणि आकडे स्वच्छ आले तेव्हा मी डोळ्यांवर नाही, आकड्यांवर विश्वास ठेवला." "यंत्रं उशिरा जातील. मी कळवते तिकडे."

साहेबांना काही ते आवडलं नाही. ते बराच वेळ कुणाला तरी फोन करत बाहेर फिरले. आत येऊन म्हणाले, "एकच फेरी. आणि चुलींचं मी काहीही कबूल करत नाही." पुढं काय होईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बायका डब्या घेऊन घरी गेल्या, आणि वाटेत काकूंना जे ऐकून घ्यायचं होतं ते त्यांनी, बोलणं बाकी ठेवायची सवय नसताना, मुकाट्यानं ऐकून घेतलं. मशीनपाशी येऊन बसल्यावर मात्र त्यांनी डोळ्याला हात लावला. धुरानं चुरचुरले, असं त्या म्हणाल्या असत्या, पण कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम स्वतः आल्या. मोजणीवालीही होती, मान खाली घालून. काकूंनी आधीच जाकीट अंगावर चढवलं होतं. कमरेला फडकं खोचलं होतं आणि हातात काडेपेटी होती.

"आज मी रांधणार," त्या म्हणाल्या. "चूक माझी, तर छाती माझीच भरू दे. धाकटे, तू दाराशी बस. वाऱ्याला."

धाकटी चुलीपुढून उठली नाही. तिनं लाकडं रचली, हात झटकले आणि जावेसमोर हात पुढे केला. "जाकीट द्या."

"अगं, एक दिवस तरी..."

"द्या म्हणते ना." धाकटीनं जन्मात जावेला असा आवाज दिला नव्हता. दारातल्या मॅडमही दचकल्या. "काल तिथं म्हणाले धूर नाही. मग म्हणाले तपकीर ओढते. मग म्हणाले नकाशावरच नाही. सगळे माझ्याविषयी बोलले, एक मी सोडून. इतकी वर्षं हा धूर मी गिळलाय जाऊबाई. तुम्ही काही सोसलं नाही असं म्हणत नाही, तुम्ही घर ओढलंत. पण हा धूर माझा आहे. तो तुमच्या नावावर लागलेला मला चालायचा नाही."

काकूंनी जाकीट उतरवलं आणि स्वतःच्या हातांनी धाकटीच्या अंगात घातलं. सवयीनं त्यांचा हात डबीचं नाक पुसायला गेला. अर्ध्यावर त्यांनी तो मागे घेतला.

धाकटीनं चूल पेटवली. लाकडं ओलसर होती. धूर पत्र्याला लागला, खडूच्या खुणेपाशी पसरला आणि वळून खाली आला. मॅडमनी नाकाला रुमाल लावला आणि थोड्या वेळानं त्या दारात सरकल्या. काकू हलल्या नाहीत. त्या भिंतीला टेकून तिथंच खाली बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, घशात काहीतरी खवखवायला लागलं, आणि मग त्यांनाही खोकला आला.

"बाहेर जा जाऊबाई," धाकटी म्हणाली. "गिऱ्हाईक येईल. मशीन बंद पडलंय तुमचं."

"पडू दे."

"उगाच हट्ट करू नका."

"करणार. तू फुंक."

धाकटीनं फुंकणी उचलली आणि चुलीत वाकून जोरात फुंकर मारली. जाळ झाला, पण त्याआधी धुराचा एक मोठा लोट तिच्या तोंडावर आला. तिला ठसका लागला. खोकता खोकता तिनं एका हातानं जमीन धरली आणि दुसऱ्या हातानं छातीवरची डबी धुराकडे वळवली. डबी बारीक गुणगुणत होती. तिचं नाक उघडं होतं.

"ओढ," धाकटी तिला म्हणाली. "मी ओढते तसा ओढ. आणि जाऊन सांग त्यांना."